शिडाच्या नौकेचा वेग

शिडाच्या नौकेचा वेग : समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. तासाला एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर, हा एक नॉट. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून 'तारिणी' ही शिडाची नौका घेऊन निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018 रोजी परतल्या. एकूण 21,600 सागरी मैल. मुक्काम वगळता समुद्रात काढलेले दिवस 199. सरासरी पडते साडेचार नॉट.

इतका कमी वेग का? पहिले कारण नौकेची लांबी. पुढे सरकताना नौका पाण्यात लाट उठवते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्याला टेकलेल्या लांबीएवढी झाली की नौकेचा पुढचा भाग (नाळ) वर उचलला जातो, मागचा भाग खाली बसतो आणि नौकेला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ही मर्यादा काढायचा ढोबळ हिशेब असा : पाण्याला टेकलेल्या लांबीचे (फुटांत) वर्गमूळ गुणिले 1.34. ही लांबी 25 फूट असेल तर 6.7 नॉट, 49 फूट असेल तर 9.4. याच्या पुढे जड नौकेला कितीही शीड लावले तरी वेग फारसा वाढत नाही.

दुसरे कारण वारा. सरळ समोरून येणाऱ्या वाऱ्यावर कोणतीच शिडाची नौका चालत नाही. साधारण 45 अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावे लागते, आणि मैल वाढतात. वारा ठीक पाठीमागून असला की साध्या शिडाची नौका वाऱ्यापेक्षा वेगाने धावू शकत नाही. वारा बाजूने आला, की शीड पंखासारखे काम करते आणि नौका चांगली पळते. वारा पडला तर सगळेच थांबते. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांनी त्यावर उपाय ठेवला होता : चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते मोठ्या युद्धनौकांना, म्हणजे गुराबांना, ओढून नेत. वारा पडल्यावर इंग्रजांची जहाजे जागीच डोलत असताना मराठी गुराबा हलत्या राहत.

तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले, जादा वजन, जुने ताणलेले शीड यांनीही वेग घटतो. दक्षिण महासागरात 60 नॉटच्या वादळात तर शीड आखडून वेग मुद्दाम कमी करावा लागतो.

लाटेची मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग म्हणजे नौका पाण्यातून वर काढणे. पाण्याखालच्या पात्यांवर उचलल्या जाणाऱ्या अमेरिका चषक शर्यतीतल्या नौका 50 नॉटच्या पुढे जातात. पॉल लार्सनने नोव्हेंबर 2012 मध्ये नामिबियातल्या वॉल्विस बे येथे 'सेलरॉकेट 2' पाचशे मीटर पळवली, ती सरासरी 65.45 नॉटने, म्हणजे ताशी 121 किलोमीटर. वाऱ्याच्या वेगाच्या दुपटीहून अधिक.

लांब पल्ल्यात मात्र मुक्कामही मोजावे लागतात. रत्नाकर दांडेकरांच्या गोव्यातील दिवाडी बेटावरच्या कारखान्यात 'तारिणी'आधी 56 फुटी 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि चार मुक्काम करून मे 2010 मध्ये परतले. त्याच नौकेतून नौदलाचेच अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी निघाले आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013 रोजी मुंबईला पोहोचले, सुमारे 150 दिवसांत.