उघाडी

रायपूरच्या माणसाला पाणी अडवणं चांगलं कळतं. बुढा तालाबासारखे इथले जुने तलाव पावसाचं पाणी राखण्यासाठीच झाले. पाणी घालवून देण्यासाठी बांधलेलं दार ही कोकण-गोव्याची गोष्ट.

रायगडात त्याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. खाडीकाठी मातीचा बांध घालून दलदलीतून खाजण जमीन काढायची आणि बांधात एके जागी दगडी चौकटीत लाकडी झडपा बसवायच्या. भरतीला बाहेरचं पाणी झडपांवर रेलतं, त्या मिटतात. ओहोटीला आतलं पाणी वरचढ होतं, झडपा उघडतात, शेतातलं पाणी खाडीत जातं. इंग्रजी ‘स्लूस’च्या मुळाशी लॅटिन ‘एक्सक्लूझा’ आहे, म्हणजे बाहेर रोखलेली. तेच दार, पण मराठीने त्याचं उघडणं पाहिलं. कोशातलं ‘जलद्वार’ मी म्हणूनच टाळते.

इंग्लंडच्या फेन प्रदेशात व्हर्मायडेनने १६५१ साली डेन्व्हरला असं दार उभारलं, ते भांडवल घालणाऱ्या सरदारांसाठी. ज्यांची सामाईक कुरणं गेली, त्यांनी तिथले बांध फोडले. गोव्यात मात्र बांध गावाचाच होता. पोर्तुगीज आले तेव्हा गावकरी संस्था नांदत होती. तिचे रिवाज १५२६ साली अफोन्सो मेशियाने सनदेत नोंदवले. झडप आपोआप चालते, बांध चालत नाही. खेकडे तो पोखरतात, दर वर्षी माती चढवावी लागते. मानशीवर जाळं लावण्याचा हक्क गावकरी लिलावात देई, आणि तो पैसा बांधाच्या कामी येई. आधी कोरगूट भात, मग मासळी, असा क्रम होता. या संस्थेत हक्क पुरुषवंशाने मिळे, कसणाऱ्या अनेकांना तिथे आवाज नव्हता, हेही विसरू नये.

१९६४ च्या कूळ कायद्याने त्यांना संरक्षण दिलं, ते न्याय्यच होतं. पुढे बांधांची देखभाल कुळांच्या संघांकडे आली. लिलाव चालूच राहिले, पण क्रम उलटला: मासळीसाठी भरतीच्या वेळी झडपा उघड्या ठेवल्या जाऊ लागल्या. आत शिरलेलं खारं पाणी धुऊन निघायला काही पावसाळे जातात. महाराष्ट्रात १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी हे काम सरकारी झालं. तिथे बांधाला खांड पडली की शेतकरी अर्ज करतो आणि वाट पाहतो. तोवर भरती रोज दोनदा येते. वर्षं गेली की शेतात खारफुटी उगवते, आणि खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे.