चित्रकलेचा तास

मुंबई, ठाणे, पनवेल किंवा अलिबागच्या शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना चित्रकलेचा तास आठवत असेल. मास्तर टेबलावर पितळेचा तांब्या ठेवीत, शेजारी एखादे वांगे किंवा पुस्तक. "आधी मधली उभी रेघ काढा," असे सांगत. पट्टी वापरायची नाही. रेघ वाकडी गेली की रबर, आणि रबराने कागद फाटला की कानाला चिमटा! हा तास आपल्या शाळांत आला कुठून आणि त्याने आपल्याला काय दिले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली कलाशिक्षणासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली. त्यातून १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. त्या काळी सरकारच्या डोळ्यांपुढे चित्रकार नव्हते, कारागीर होते. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी यांचा हात सुधारावा, त्यांना नकाशा वाचता यावा, हा हेतू होता. १८७९ पासून तेथे ड्रॉइंगचे शिक्षण सुरू झाले आणि १८९३ साली ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले मास्तर गावोगावच्या शाळांत गेले आणि त्यांच्याबरोबर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षाही घरोघरी माहीत झाल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय आजही पुष्कळांना तोंडपाठ असतील.

याच काळात आपला समाज शिक्षणाकडे वळत होता. १८७५ साली हायम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली. हीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली आणि रिबेका रूबेन यांनी मुख्याध्यापिका म्हणून तिला नाव मिळवून दिले. कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या शनवार तेल्यांची मुले आता रेल्वेत, गोदीत, कारखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या शोधत होती. ज्याचा हात ड्रॉइंगमध्ये चांगला, त्याला ड्राफ्ट्समन होता येई. म्हणून वडील माणसे चित्रकलेला नाक मुरडत, पण परीक्षेच्या फीला नाही म्हणत नसत.

हा हात किती दूरपर्यंत नेऊ शकत होता, त्याचे एक उदाहरण सौदी अरेबियातील रास तनुराचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अरामको कंपनीने तेथे समुद्रकिनाऱ्यावर तेलशुद्धीचा मोठा कारखाना उभारला. १९४५ साली तो चालू झाला. इटालियन कामगारांबरोबर मुंबईहूनही कारागीर आणि कारकून भरती करून नेले गेले. नकाशा वाचता येणाऱ्या माणसाला तेथे किंमत होती. पण सौदी राज्यात ज्यू माणसाला प्रवेश नव्हता. तेलाच्या घाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आपल्या समाजाला तेलाच्या त्या गावाचे दार बंद राहिले. हातात कला असली तरी नाव आणि धर्म विचारला जातोच, हे आपल्या लोकांना नवे नव्हते.

तरीही चित्रकलेने आपल्यातल्या एकाला फार उंच नेले. १८८० साली पुण्यात जन्मलेले सॅम्युएल रहामीन मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि पुढे लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत गेले. अतिया फैजी यांच्याशी विवाह करताना त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते फैजी-रहामीन या नावाने प्रसिद्ध झाले. नव्या दिल्लीच्या सचिवालयात त्यांनी भित्तिचित्रे काढली. १९६४ साली कराचीत ते वारले. आपल्या घरांत मूर्ती नव्हती, तरी अग्निरथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहू हन्नाबीची तसबीर भिंतीवर असे. मलिद्याच्या ताटापुढे बसलेले मूल तीच पाहत मोठे होई. पुष्कळांनी आयुष्यात पाहिलेले पहिले चित्र तेच.

मुलाच्या मनातले चित्र निराळे असते, हे मात्र शाळांना उशिरा कळले. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ च्या सुमारास मुलांना हवे ते काढू देणारा वर्ग सुरू केला. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९४४ पासून देवीप्रसाद यांनी सेवाग्रामच्या शाळेत मुलांना मनमोकळे रंगवू दिले. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली. तांब्याशेजारी आता झाड, आई, पाऊस आणि आगगाडीही आली.

पण या इतिहासातले सर्वांत जड पान आपल्या लोकांचे आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या ज्यू चित्रकर्तीला १९४२ च्या डिसेंबरात तेरेझीनच्या छावणीत नेण्यात आले. तेथे कागद मिळेना, तेव्हा वापरलेल्या कागदांच्या पाठीवर त्या मुलांना चित्रे काढायला शिकवीत. मुले फुलपाखरे, घरे, जेवणाची टेबले काढीत. प्रत्येकाने आपल्या चित्रावर स्वतःचे नाव लिहायचे, असा त्यांचा आग्रह असे. १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांना ऑशविट्झला नेऊन ठार मारले गेले. त्या मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. मागे राहिल्या दोन सुटकेसी. त्यांत सुमारे ४५०० चित्रे होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत आणि त्या नावांमुळेच कोणते मूल कोण होते ते जगाला कळते.

आमच्या परीक्षेच्या कागदावर नाव लिहिण्यास मनाई असे, फक्त बैठक क्रमांक. तो कागद परतही मिळत नसे. मी इंटरमिजिएटला काढलेले स्मरणचित्र नवगावच्या किनाऱ्याचे होते. आपले पूर्वज जेथे लागले असे आपण सांगतो, तोच किनारा. माझ्या वडिलांनी ते पाहिलेच नाही.

नातवंडे आता अश्दोद, लोद, दिमोना येथे हिब्रू शाळांत शिकतात. त्यांना घाणा ठाऊक नाही, नवगाव ठाऊक नाही. त्यांच्याजवळ बसून, थरथरत्या हाताने का होईना, एकदा काढून दाखवा. रेघ वाकडी गेली तरी कानाला चिमटा घेणारे आता कोणी नाही. आणि त्यांनी काढलेले चित्र फेकू नका. खाली मुलाचे नाव आणि तारीख लिहून जपून ठेवा.