एका जिल्ह्यात दोन केसरी: संघटनेचा सन्मान हे इतिहासाचं साधन म्हणून कसं वाचायचं?

२०२५ मध्ये आपल्या नगर जिल्ह्यात एक गंमत झाली. २ फेब्रुवारीला शहरात, वाडिया पार्कवर, पृथ्वीराज मोहोळ 'महाराष्ट्र केसरी' झाला. दोन महिनेही झाले नव्हते, तोच मार्चअखेरीस याच जिल्ह्यातल्या कर्जतला सोलापूरचा वेताळ शेळके 'महाराष्ट्र केसरी' झाला. किताब एक, जिल्हा एक, मानकरी दोन. नगरच्या स्पर्धेच्या फलकावर '६७वी' लिहिलं होतं आणि कर्जतच्या फलकावर '६६वी'. म्हणजे नंतर झालेल्या स्पर्धेचा क्रमांक आधीच्या स्पर्धेपेक्षा एकनं कमी!

पारावर बसून यावर हसता येतं. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर जरा थांबा, कारण इथे एक चांगला प्रश्न आहे. हौशी क्रीडा संघटना आपल्या जुन्या नेत्यांना कशा लक्षात ठेवतात, आणि त्या लक्षात ठेवण्याचा पुढे काय उपयोग होतो, हा माझ्या अभ्यासाचा एक भाग आहे. आज तो कुस्तीच्या उदाहरणानं सांगतो.

आधी पार्श्वभूमी

कुस्तीला पूर्वी राजाश्रय होता. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं. पैलवानाचा खुराक, तालमीचा खर्च, मैदानाचं इनाम या सगळ्याला संस्थानाचा आधार असे. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. इतर संस्थानंही त्याच सुमारास गेली. मग पैलवानाचा खर्च कोण करणार? १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले तेव्हा गावोगाव वर्गणी काढावी लागली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५३ ला, कुस्तीगीर परिषद उभी राहिली. मामासाहेब मोहोळ हे तिचे संस्थापक म्हणून ओळखले जातात. राजा गेला आणि त्या जागी कार्यकर्ता आला, असं ढोबळमानानं म्हणता येईल. या कार्यकर्त्याकडे खजिना नसतो. त्याच्याकडे ओळखी असतात, पत्रव्यवहार असतो, आणि वर्षानुवर्षं तेच काम रेटत राहण्याची तयारी असते. १९६१ ला औरंगाबादला पहिला 'महाराष्ट्र केसरी' ठरला, दिनकर दह्यारी. पुढे गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत, ही पद्धत रुळली. आपल्या जिल्ह्यालाही हा मान मिळालाय: १९८६ ला गुलाब बर्डे, १९९७ ला अशोक शिर्के.

गदेवर कोण आहे?

केसरीला मिळणारी चांदीची गदा तुम्ही फोटोत पाहिली असेल. आत लाकूड, वर चांदीचा पत्रा. आता फोटो पुन्हा काढा आणि मोठा करून बघा. गदेवर एका बाजूला हनुमान आहे आणि दुसऱ्या बाजूला मामासाहेब मोहोळ. १९८० च्या दशकापासून मोहोळ कुटुंबीय मामासाहेबांच्या स्मरणार्थ ही गदा देत आलेत.

म्हणजे ज्याला आपण पैलवानाचा सन्मान समजतो, तो त्याच वेळी संघटनेच्या नेत्याचाही सन्मान आहे. दर वर्षी एक नवा मल्ल ती खांद्यावर घेतो आणि त्याच्याबरोबर संस्थापकाची प्रतिमाही मिरवली जाते. पुतळा एका चौकात उभा राहतो. गदा घराघरात जाते, वर्तमानपत्रात येते, गावच्या मिरवणुकीत हत्तीवर बसते.

इथे एक सावधगिरी. २०२५ चा विजेता मोहोळ, गदा मोहोळांच्या नावानं, आणि आपण लगेच नातं जोडून मोकळे होतो. आडनाव हा पुरावा नसतो. मुळशी तालुक्यात मोहोळ आडनावाची किती घरं असतील, याचा विचार करा. नातं लिहायचं असेल तर कागद दाखवा, नाहीतर ते वाक्य लिहू नका.

मोजणीची गोष्ट (आणि माझी चूक)

माझ्या आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, '१९६१ पासून सुरू असलेली ही ६७वी स्पर्धा.' मार्गदर्शकांनी पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "वजाबाकी केलीस का?"

करून बघू. २०२२ ची साताऱ्याची स्पर्धा ६४वी होती. १९६१ ला पहिली धरली आणि एकही वर्ष खाडा पडला नाही असं मानलं, तरी २०२२ ला ६२वी येते. शिवाय मध्ये बरीच वर्षं स्पर्धा झालीच नाही किंवा किताब कुणालाच मिळाला नाही. करोनाचं वर्ष तर अगदी अलीकडचं. म्हणजे आकडा ६२ च्या खाली यायला हवा, तो वर का गेला? याचा सरळ अर्थ एकच लागतो. ही मोजणी 'केसरी' किताबाची नाही. ती परिषदेच्या वरिष्ठ राज्य अजिंक्यपद स्पर्धेची आहे आणि किताबाच्या आधीपासून, परिषदेच्या सुरुवातीच्या वर्षांपासून चालत आली आहे. फलकावरचा आकडा पैलवानांची गणती करत नाही. तो संस्थेचं वय सांगतो.

हे एकदा कळलं की ६७ आणि ६६ चं कोडं सुटायला लागतं. ६४ पर्यंत मोजणी एकच आहे. २०२२ च्या मध्यावर भारतीय कुस्ती महासंघानं राज्य परिषद बरखास्त केली. तेव्हा शरद पवार परिषदेचे अध्यक्ष होते आणि बाळासाहेब लांडगे अनेक दशकांपासून सरचिटणीसपदाचं काम बघत होते. पुढे रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली वेगळा राज्य कुस्तीगीर संघ उभा राहिला. तिथून पुढची यादी अशी:

– जानेवारी २०२३, पुणे: ६५वी, विजेता शिवराज राक्षे.
– नोव्हेंबर २०२३, फुलगाव: ६६वी, विजेता सिकंदर शेख.
– नोव्हेंबर २०२३, धाराशिव: पुन्हा ६५वी, विजेता शिवराज राक्षे.
– फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर: ६७वी, विजेता पृथ्वीराज मोहोळ.
– मार्च २०२५, कर्जत: ६६वी, विजेता वेताळ शेळके.

बघा, फुलगाव आणि नगर ही एक रांग, धाराशिव आणि कर्जत ही दुसरी. दोन्ही रांगा १ पासून सुरू होत नाहीत. दोघांनाही आपली मोजणी ६४ च्या पुढेच न्यायची आहे. कारण मागचे ६४ म्हणजे वारसा, आणि तो सोडायला कुणीच तयार नाही. घर वाटून घेता येतं, पण आजोबा कसे वाटून घेणार?

म्हणून सांगतो, क्रमांक दिसला की तो नुसता टिपून घेऊ नका. तो कुणी दिला, कुठून मोजला आणि दुसरा कुणी वेगळा मोजतोय का, हे विचारा.

सन्मान तीन प्रकारचे

आता थोडं कुस्तीबाहेर येऊ. कबड्डीत शंकरराव उर्फ बुवा साळवी हे संघटक म्हणून मोठं नाव. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात 'कबड्डी दिन' म्हणून पाळतात. त्या दिवशी जुने खेळाडू, कार्यकर्ते यांचा गौरव होतो.

त्याच कबड्डीतलं दुसरं उदाहरण. हौशी कबड्डी महासंघाचे अध्यक्ष जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून २०१३ पर्यंत त्या पदावर होते. नंतर त्यांना 'आजीव अध्यक्ष' केलं गेलं आणि त्यांच्या पत्नी अध्यक्ष झाल्या. खेळाडूंनी न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या दोन्ही नेमणुका रद्द ठरवल्या आणि महासंघावर प्रशासक नेमला. तेव्हा लागू असलेल्या २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार अध्यक्षाला जास्तीत जास्त १२ वर्षं मिळत होती आणि वयाची मर्यादा ७० होती. त्या चौकटीत 'आजीव' हा शब्द बसतच नव्हता.

या तीन उदाहरणांत तीन प्रकार दिसतात. गदा ही *वस्तू* आहे, कबड्डी दिन हा *दिवस* आहे, आणि आजीव अध्यक्ष हे *पद* आहे. वस्तू आणि दिवस यांना मत नसतं. ते संघ निवडत नाहीत, शिबिराला कोण जाणार हे ठरवत नाहीत. पदाचं तसं नाही. पद कितीही मानाचं म्हटलं तरी बैठकीत त्याच्यासाठी खुर्ची ठेवावी लागते आणि खुर्चीतला माणूस बोलतो. तुमच्या अभ्यासात कुठलाही सन्मान आला, मग ती साहित्य संस्था असो, सहकारी बँक असो की शिक्षण मंडळ, आधी तो या तिन्हीपैकी कशात बसतो ते ठरवा. निम्मं विश्लेषण तिथेच होतं.

पण घाईनं निकालही देऊ नका. 'तीस-तीस वर्षं खुर्ची सोडली नाही' हे एक वाक्य झालं. 'तीस वर्षं बिनपगारी ते काम करायला दुसरं कुणी पुढे आलं नाही' हेही त्याच माणसाबद्दल खरं असू शकतं. इतिहास लिहिणाऱ्यानं दोन्ही वाक्यं तपासायची असतात. परिषदेचं इतिवृत्त, जमाखर्च, बैठकीची उपस्थिती यातून ते कळतं. सत्काराच्या भाषणातून कळत नाही, आणि विरोधकाच्या पत्रकातूनही नाही.

जे गदेवर नाहीत

नगरच्या स्पर्धेची आठवण राहिली ती पंचाच्या निर्णयामुळे. गादीवरच्या राक्षे–मोहोळ लढतीत पंचांनी राक्षेला चीतपट दिलं. खांदे टेकले नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. त्या आठवड्यात सगळे पैलवानांबद्दल बोलत होते, संघटनेबद्दल बोलत होते. पंच हा माणूस मात्र 'पंच' एवढाच राहिला.

मी जिल्ह्यातल्या एका जुन्या पंचांना भेटलो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ट्रंकेतून कापडी बिल्ले काढून दाखवले, प्रत्येक स्पर्धेचा एक. एसटीच्या भाड्यापलीकडे फारसं काही मिळालं नाही, म्हणाले. "सत्कार झाला का कधी?" असं मी विचारलं. "एकदा नारळ दिला होता," म्हणाले आणि हसले. त्यांच्या त्या बिल्ल्यांवरच्या तारखा आणि ठिकाणं मला छापील अहवालांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

असेच न दिसणारे आणखी आहेत. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा पहिल्यांदा झाली ती मार्च २०२३ मध्ये सांगलीला. प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी. १९६१ ते २०२३, म्हणजे ६२ वर्षांचं अंतर. आणि खुद्द खाशाबा? १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशक उलटल्यावर मिळाला. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, 'राज्य क्रीडा दिन' व्हायला २०२३ साल उजाडलं. सन्मानाची तारीख आणि कामाची तारीख यात इतकं अंतर पडतं, तेव्हा विचारायचं ते हे: *याच वर्षी* का? ज्या वर्षी सन्मान होतो, त्या वर्षीच्या लोकांना कशाची तरी गरज असते.

तुम्ही सुरुवात कुठून कराल?

विषय कुस्तीचाच घ्या असं नाही. आपल्या तालुक्यातली एखादी जुनी संस्था निवडा: व्यायामशाळा, भजनी मंडळ, खो-खो संघ, वाचनालय. तिथल्या भिंतीवरचे फोटो, ढालींवरची नावं, कोनशिला, 'कै. अमुक स्मृती करंडक' असं जे जे असेल त्याची वही करा. प्रत्येक नोंदीपुढे चार रकाने आखा: सन्मान कधी झाला, काम कधीचं, खर्च कुणी केला, आणि त्या सन्मानाबरोबर काही अधिकार आला का. पाचवा रकाना रिकामा ठेवा. भिंतीवर नसलेल्या पण लोकांच्या बोलण्यात येणाऱ्या नावांसाठी तो लागेल.

जुनी वर्तमानपत्रं चाळताना एक लक्षात ठेवा. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. त्यामुळे 'अहमदनगर', 'नगर' आणि 'अहिल्यानगर' अशी तिन्ही नावं घालून शोधा, नाहीतर निम्मी बातमी हातून निसटते. स्पर्धेचा क्रमांक दिसला, की वजाबाकी करा. आणि म्हातारी माणसं आधी भेटा. अहवाल कपाटात आणखी दहा वर्षं राहतील, ट्रंकेतले बिल्ले कशाचे ते सांगणारं माणूस असेलच असं नाही. मी ज्या पंचांबद्दल लिहिलं, त्यांच्याकडे माझ्या अजून दोन बैठका बाकी आहेत. पुढच्या रविवारी जातोय.