गवत विमानाला लवकर थांबवतं?

लहान विमानं उडवणाऱ्यांत एक मत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: गवत चाकाला धरून ठेवतं, म्हणून गवती धावपट्टीवर विमान डांबरीपेक्षा लवकर थांबतं.

हा पूर्वपक्ष बिनबुडाचा नाही. 1931 साली प्रथम उडालेलं टायगर मॉथ घ्या. मूळ टायगर मॉथला ब्रेकच नव्हते. शेपटीखाली चाकाऐवजी एक घसरपट्टी, ती मातीत रुतत फरफटायची, की विमान थांबलं. ते डांबरावर उतरवणं म्हणजे फरशीवर नांगर चालवणं. त्या विमानापुरतं हे मत खरंच होतं. विमानं बदलली, मत तेवढं राहिलं.

सेसना 172 च्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. टायर जमिनीला किती घट्ट धरतो, यावर तिचं थांबणं ठरतं. गवत चाकाला थोडं अडवतं खरं, पण ब्रेकची पकड त्याहून जास्त काढून घेतं. ‘उड्डाणाच्या वेळी रोखतं, तर उतरतानाही रोखेलच’ हा तर्क इथे कोसळतो. उड्डाणात ब्रेकचा प्रश्नच नसतो. तिथे अडथळ्याने धाव लांबते. उतरताना पकड सुटल्याने लांबते.

172 एस ची पुस्तिका सांगते: कोरड्या गवतावर उतरल्यानंतरच्या धावेत 45 टक्के मिळवा. समुद्रसपाटीला 575 फुटांची धाव सुमारे 835 वर जाते. ब्रिटनचं नागरी विमान प्राधिकरण मात्र कोरड्या गवताला 15 टक्केच म्हणतं. विसंगती? नाही. ते 15 टक्के 50 फूट उंचीपासूनच्या सगळ्या अंतरावर आहेत, सेसनाचे 45 फक्त जमिनीवरच्या धावेवर. टक्केवारी कशाची, हे न विचारता भांडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

ओल्या गवताला हेच प्राधिकरण 35 टक्के धरतं. आखूड कापलेलं, ओलं आणि खाली जमीन टणक, तर 60 पर्यंत. दवात भिजलेल्या मैदानावर सीमारेषेकडे धावणारा क्षेत्ररक्षक आठवा: पाय रोवायला जातो आणि बसल्या बसल्या दोरीपलीकडे जातो. टायरखालीही तेच होतं. पातं चिरडतं, रस आणि दव यांचा लेप बसतो, लॉक झालेलं चाक न फिरता घसरत राहतं.

मग गवताचा कैवार घेणारे सगळेच चुकले का? तसं नाही. तिरक्या वाऱ्यात विमान किंचित आडवं टेकलं, तर डांबर टायरला तिथेच पकडतं. शेपूटचाकी विमान अशा वेळी गर्रकन फिरू शकतं. गवतावर टायर थोडा आडवा सरकतो आणि चूक पचते. ही माया आणि ती लांबलेली धाव, दोन्ही त्याच निसटत्या पकडीतून येतात. एक हवी आणि दुसरी नको, असं चालायचं नाही.

अनोळखी गवती पट्टीवर जायचं असेल, तर आधी तिथल्या माणसाला फोन करा. पट्टी किती लांब, हे नकाशात मिळेल. गवत कधी कापलं आणि सकाळी त्यावरून चालताना बूट भिजले का, एवढं त्याला विचारा.