सेव्हिल व टकरटन बिनतारी केंद्रे
पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ताब्यात घेतलेली जर्मन बांधणीची दोन संदेशवहन केंद्रे. सेव्हिल न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर, तर टकरटन न्यू जर्सीत. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिशांनी इंग्लिश खाडीतील जर्मन सागरी तारा तोडल्या. त्यानंतर जर्मनीतील नौएन व आइल्व्हेसे केंद्रांशी होणारा बिनतारी संपर्क हाच बर्लिनचा अमेरिकेशी थेट दुवा उरला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तटस्थतेला बाधक संदेशांवर बंदी घातली आणि नौदलाचे अधिकारी मजकूर तपासू लागले. ब्रिटिश तारांवर असे कोणतेच बंधन नव्हते. जर्मन राजदूत बेर्नस्टोर्फ यांची तक्रार याबाबत रास्तच म्हणावी लागेल. सप्टेंबर १९१४ मध्ये टकरटन आणि जुलै १९१५ मध्ये सेव्हिल नौदलाकडे गेले.

पुढे शांतता-वाटाघाटींसाठी अमेरिकेने जर्मनीला आपल्या राजनैतिक तारेवरून सांकेतिक संदेश पाठवू दिले. जानेवारी १९१७ मधील जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांची तार याच वाटेने गेली. मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचे निमंत्रण, तेही अमेरिकेच्याच सौजन्याने! तार लंडनमार्गे जात असल्याने ब्रिटिश नौदलाच्या ‘रूम ४०’ विभागाने ती वाचली. मात्र अमेरिकी संदेश आपण चोरून वाचतो हे उघड होऊ नये, म्हणून ब्रिटनने मेक्सिकोतून मिळवलेली प्रत पुढे केली.