ओमानच्या वाळूतला लायका

रोल भरायच्या जुन्या कॅमेऱ्याची गोडी अजून का टिकून आहे, हे पाहायचे तर आम्हाला आधी ओमानला जावे लागते.

१९४५ साली विल्फ्रेड थेसिगर हा इंग्रज प्रवासी टोळधाडीचा माग काढण्याच्या कामावर सलाला येथे आला. (याच सलालाच्या डोंगरात नबी अय्यूब, म्हणजे आपला ईयोब, याची कबर दाखवतात.) १९४६-४७ साली तेथूनच तो रशीद टोळीच्या बदूंबरोबर उंटांवरून रुब अल खालीच्या वाळवंटात शिरला. सामान थोडके. त्यात १९३४ साली घेतलेला लायका टू कॅमेरा होता. वाळू शिरू नये म्हणून तो बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत असे.

या कॅमेऱ्यात बॅटरी नाही, उजेड मोजायचे यंत्र नाही. फिल्मचे टोक कात्रीने कापून, तळाचे झाकण काढून रोल भरायचा. ऊन पाहून अंदाज बांधायचा, भिंगाची कडी फिरवून दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या आणि मगच खटका दाबायचा. एका रोलवर ३६ फोटो. रोल धुऊन येईपर्यंत कसे आले ते कळायचे नाही. माणूस आपोआप समोरच्याकडे नीट बघायला शिकतो. सालिम बिन कबीना या तरुण सोबत्याचे थेसिगरने काढलेले फोटो पाहिले की हे पटते. त्याच्या सगळ्या प्रवासांतल्या सुमारे ३८,००० निगेटिव्ह आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत.

कोकणातून इस्राएलला आलेल्या आपल्या घरांतही ट्रंकेत एखादा आग्फा क्लिक थ्री सापडतो. १२ फोटोंचाच, पण त्याला लागणारी १२० फिल्म आजही मिळते.

१९६७ साली ओमानचे तेल परदेशी जाऊ लागले. १९७७ साली थेसिगर परत आला, तेव्हा बदू मोटारीत बसत होते. त्याला फार वाईट वाटले. त्याचे हे दुःख आम्हाला पूर्ण पटत नाही. १९७० पर्यंत साऱ्या ओमानात अवघ्या ३ शाळा होत्या, हे त्या सुंदर फोटोंत दिसत नाही.

लायकाशी आपले आणखी एक नाते आहे. तो जर्मनीतल्या वेट्झलार गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात बने. हिटलर सत्तेवर आल्यावर लाइट्झ यांनी आपल्याकडच्या यहुदी कामगारांना व इतर यहुद्यांना नोकरीच्या निमित्ताने देशाबाहेर, बहुतेकांना अमेरिकेला, पाठवले. एका यहुदी स्त्रीला स्वित्झर्लंडला पळून जायला मदत केली म्हणून त्यांची मुलगी एल्सी हिला १९४३ साली गेस्टापोने तुरुंगात टाकले. त्याच कारखान्याने युद्धात जर्मन सैन्याला माल पुरवला आणि वेठीचे मजूर राबवले, हेही लपवू नये.

ओमानात एके काळी यहुदीही राहत. १८३०च्या दशकात इंग्रज नौदल अधिकारी वेलस्टेड याला ते मस्कत आणि सोहार येथे आढळले. मस्कतचे बरेचसे बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाने आलेले. त्याच जाचातून निसटून डेव्हिड ससून मुंबईला पोचले. ससूनांचे चेहरे आपण ओळखतो. सोहारच्या यहुद्यांविषयी मात्र वेलस्टेडचे चार शब्द आहेत. फोटोची कला जगापुढे आली ती १८३९ साली.