दंड उंबऱ्याला, भरपाई घराला

रांगतं मूल उंबऱ्याला अडखळून पडलं की आजी आधी उंबऱ्याला चापट मारते. 'हात रे! माझ्या बाळाला लागलं ना?' मूल रडायचं थांबतं. इंग्लंडच्या कायद्याने ही रीत शेकडो वर्षं पाळली, तीही गंभीर चेहऱ्याने. माणूस गाडीच्या चाकाखाली गेला किंवा बैलाच्या शिंगाने मेला, तर पंच त्या चाकाची, त्या बैलाची किंमत ठरवत आणि तेवढी रक्कम सरकारजमा होई. या दंडाचं नाव 'डिओडंड'. मूळ लॅटिन, अर्थ 'देवाला द्यायचं ते'. मेलेल्याच्या बायकापोरांना त्यातली दमडीही मिळावी, असा नियम नव्हता.

आज अपघातानंतर आपण ज्याला 'क्लेम' म्हणतो, त्याचं कुळ शोधत गेलं की या उंबऱ्यापाशी पोहोचतो.

दुसरी एक गाठ होती. माणूस मेला की त्याच्याबरोबर तक्रारही मरते, असं इंग्लिश न्यायालयं मानत. १८०८ सालचा बेकर विरुद्ध बोल्टन हा खटला पाहा. घोड्यांची प्रवासी गाडी उलटली आणि टपावर बसलेलं जोडपं फेकलं गेलं. बायको महिनाभराने वारली. नवऱ्याला तिच्या सहवासाची भरपाई मिळाली, पण ती तिच्या मृत्यूच्या क्षणापर्यंतचीच. पुढच्या जन्मभराच्या एकटेपणाला किंमत शून्य. म्हणजे माणसाला जखमी करणं महागात पडे आणि जिवे मारणं स्वस्तात सुटे.

रेल्वे आली आणि हे उघडं पडलं. २४ डिसेंबर १८४१ रोजी सॉनिंग इथे, डोंगर कापून नेलेल्या मार्गावर दरड कोसळली होती. गाडी तिच्यावर आदळली. उघड्या वाघिणींतून प्रवास करणारे गरीब प्रवासी मेले. पंचांनी इंजिन आणि वाघिणींवर १००० पौंडांचा डिओडंड लावला. इंजिनाला चापट बसली, पण घरचे उपाशीच. अखेर ऑगस्ट १८४६ मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने डिओडंड संपवला. दुसऱ्याने, लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्याने, मयताच्या कुटुंबाला दावा लावण्याचा हक्क दिला. प्रश्न बदलला. 'कशाने मारलं?' याच्या जागी 'मागे कोण राहिलं?' आला.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. दोन वर्षांत, १८५५ चा तेरावा कायदा म्हणून, प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. दावा कोणासाठी? नवरा, बायको, आईबाप आणि मुलं यांच्यासाठी. भाऊ-बहीण त्यात नव्हते. एकत्र कुटुंबात थोरल्या भावावर घर चालतं, हे लंडनच्या नमुन्यात कुठून येणार? मोटार अपघातापुरती ही चूक सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, गुजरातच्या एका एसटी अपघाताच्या निकालात दुरुस्त केली: कायदेशीर वारस म्हणून भाऊही दावा लावू शकतो.

हक्क होता, पण तो बजावायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि मागाल त्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे. कमावता गेलेल्या घराने ती कुठून आणायची? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा केला, त्यामुळे पैसे देणारा सापडला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आणली, त्यामुळे दार सापडलं.

मग उरला अवघड हिशेब: गेलेल्या माणसाचा आकडा कसा काढायचा? इथे 'गुणक', म्हणजे घराच्या वर्षाच्या तोट्याला गुणायचा आकडा, आला. त्याचं घराणं इंग्लंडच्या कोळसा खाणीतलं, १९४२ च्या एका खटल्यातलं. आपल्याकडे तो रुळला, आणि २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार त्याचा तक्ता पक्का केला: पंचविशीपर्यंत १८, पासष्टीनंतर ५. भविष्यातल्या वाढीची टक्केवारी २०१७ च्या निकालाने ठरवली. समजा, ३२ वर्षांचा, ठरावीक पगाराच्या खासगी नोकरीत महिना २०,००० मिळवणारा माणूस गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे २,४०,०००, त्यात ४० टक्के वाढ धरून ३,३६,०००, त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले २,५२,०००, गुणक १६. झाले ४०,३२,०००. अंत्यविधी, सहवास वगैरेंची रक्कम वेगळी.

या गणितात घरातली बाई बराच काळ बसत नव्हती. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या तक्त्यात न कमावत्या जोडीदाराचं मोल कमावत्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरलं होतं. जणू नवऱ्याचा पगार वाढला की तिच्या भाकरीची किंमत वाढते. न्यायालयाने २०१० मध्ये यावर बोट ठेवलं आणि २०२१ मध्ये गृहिणीच्या श्रमाचं उत्पन्न धरायलाच हवं, हे पुन्हा ठासून सांगितलं. जखमींच्या बाबतीतही दृष्टी बदलली. डावा हात गेलेला ड्रायव्हर आणि डावा हात गेलेला कारकून यांचं अपंगत्व दाखल्यावर सारखं असेल, पण ड्रायव्हरची रोजीरोटी बुडते. २०१० च्याच आणखी एका निकालानुसार मोजायची ती ही बुडालेली कमाई.

आज वारसाला आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मुदत मात्र पुन्हा सहा महिन्यांवर आणली आहे, तेव्हा तेराव्यानंतर फार थांबू नये. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागण्याची वाट आहे.

पण वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न काय येतो? 'गाडीचा नंबर आहे का?' कारण विमा गाडीचा असतो. नंबर सापडला तर चाळीस लाखांचा हिशेब उघडतो. ठोकरून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून २ लाख. माणूस तोच, वय तेच, मागे राहिलेली पोरंही तीच. दंड उंबऱ्यावरून घराकडे वळवायला कायद्याला शतकं लागली, तरी उंबरा सापडल्याशिवाय घराला पुरतं मिळत नाही.